चाकरी, राजीनामा आणि बदललेले धनी



गुढीपाडवा हा शालिवाहन शकाचा आरंभदिन म्हणून पंचांगात नोंदलेला असतो. मराठवाड्याच्या खेड्यांत त्या दिवसाचा आणखी एक अर्थ आहे, आणि तो कोणत्याही पंचांगात सापडावयाचा नाही. त्या दिवशी सालगड्याचे साल संपते. वर्षभर एका घरी राबलेला गडी पाडव्याला मोकळा होतो, आणि पुढचे साल त्याच घरी धरावयाचे की दुसरे घर पाहावयाचे, हे त्याला एकदोन दिवसांत ठरवावे लागते. आपली ही वसंतातील व्याख्यानेही याच दिवसांच्या आगेमागे होतात. तेव्हा नोकरी धरावी की सोडावी या प्रश्नाचा इतिहास येथे मांडावयाचा, तर आरंभ त्या गड्यापासूनच केलेला बरा. राजेरजवाड्यांच्या इतिहासात त्याला जागा मिळत नाही. पण नांदेड आणि लातूर या भागांत सर्वांत अधिक माणसांनी हा प्रश्न सोडविला असेल, तर तो पाडव्याच्या दिवशी, धन्याच्या ओसरीवर बसून.

साल ठरते म्हणजे काय ठरते? रोख रक्कम किती, ज्वारी किती, धोतरजोडी, घोंगडी आणि वहाणा मिळणार की नाही, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उचल किती. ही उचल म्हणजे सालाच्या आधीच घेतलेला पैसा. मुलीचे लग्न, घरातले आजारपण, मागच्या सावकाराची फेड यांत ती पाडव्याच्या आठवड्यातच संपून जाते. वर्षाखेरीस हिशेब होतो तेव्हा खाडे, मधल्या मागण्या आणि व्याज धरून गड्याकडेच काही निघत असते. तिला बाकी म्हणतात. ज्याच्याकडे बाकी नाही तो गडी खरोखर मोकळा. ज्याच्याकडे आहे, त्याला घर बदलावयाचे तर नव्या धन्याने जुन्या धन्याची बाकी चुकती करावयाची, आणि मग ती नव्या वहीत त्याच्या नावावर चढावयाची. घर बदलते, धनी बदलतो, पण बाकी गड्याबरोबर चालत जाते. कागदावर एक वर्षाचा असलेला करार पिढीभर कसा चालतो, याचे उत्तर या वहीत आहे. निजामाच्या राज्यात तेलंगणातील भागेला पद्धतीवर नियंत्रण आणणारा कायदा झाला होता. सबंध देशात वेठबिगारी रद्द करणारा कायदा झाला तो १९७६ साली. दोन्ही कायद्यांची भाषा चांगली होती. पण वही धन्याच्या हाती आणि अक्षरओळखही धन्यालाच, असे असेपर्यंत कायद्याचे हात ओसरीपर्यंत पोहोचणे कठीणच होते.

तरीही सालगड्याला पाडवा होता, हे विसरू नये. गावगाड्यात असेही लोक होते की ज्यांना वर्षातला तो एक दिवससुद्धा नव्हता. बलुतेदाराची चाकरी वंशपरंपरेची. वतन या शब्दाला आपल्याकडे मोठी प्रतिष्ठा आहे. पाटलाला, कुळकर्ण्याला, देशमुखाला ते भूषण वाटे. महाराला मात्र तेच वतन कोणत्याही वेळी हाक आली की धावावयास लावणारी बेडी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक आणले, त्यामागचे एक मुख्य दुखणे हेच होते. मोबदला अपुरा होता, हे तर खरेच. पण चाकरी सोडण्याचीच सोय नव्हती, हे त्याहून मोठे दुखणे होते. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला, आणि महसुली पाटलाचे वतनी पद १९६२ च्या कायद्याने गेले. बाबासाहेबांनी स्वतःही नोकरी सोडण्याचा प्रसंग अनुभवला होता. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते परदेशी शिकले, आणि तिच्या कराराप्रमाणे दहा वर्षे संस्थानची सेवा करणे त्यांच्यावर बंधनकारक होते. १९१७ साली ते बडोद्यास रुजू झाले. पण त्या शहरात अस्पृश्याला राहावयास जागा मिळेना, आणि थोड्याच काळात त्यांना परतावे लागले. पदव्या होत्या, जागा होती, करारही होता. पण राहावयास छप्पर नव्हते. राजीनामा नेहमी इच्छेनेच दिला जातो अशी आपली समजूत असते, म्हणून हे उदाहरण ध्यानात ठेवावेसे वाटते.

आता गावातून शहरात येऊ. उत्तम शेती, मध्यम व्यापार आणि कनिष्ठ नोकरी, ही म्हण ज्यांनी रूढ केली त्यांनी निजामी मराठवाड्यातील तहसील कचेरी पाहिलेली नसावी. दुष्काळाच्या या मुलखात महिन्याच्या महिन्याला येणारा पगार आणि त्यापुढची पेन्शन म्हणजे आडातले पाणी. थोडे असले तरी आटत नाही. पण तेथे शिरण्याला दोन दरवाजे होते. पहिला भाषेचा. १८८० च्या दशकात संस्थानच्या कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली, आणि पुढे उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचेच निघाले. मराठी घरातल्या मुलाला नोकरी करावयाची तर आधी उर्दू वळणदार लिहिता आले पाहिजे. दुसरा दरवाजा मुलकीचा. पहिल्या सालारजंगाच्या वेळेपासून उत्तर हिंदुस्थानातून आणलेल्या कामगारांचा भरणा मोठ्या पदांवर होऊ लागला, आणि त्यातून मुलकी आणि गैरमुलकी असा वाद उभा राहिला. १९१९ च्या फर्मानाने मुलकी कोण हे ठरविले. बाहेरून आलेल्याला पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट घातली गेली. या नियमाचा दुसरा परिणाम असा की, माणूस मुलूख सोडून जाण्यास बिचकू लागला.

नाही तर सोडून जाण्याचे स्थळ लांब नव्हते. लातूर, औसा, तुळजापूर या बाजूच्या माणसाला सोलापूर जवळचे. तेथे १८७७ पासून गिरणी होती, मागून आणखी गिरण्या झाल्या, शाळा मराठी होत्या, आणि राज्य इंग्रजांचे. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी लातूरला येऊ लागल्यावर तर ही वाट आणखी सोपी झाली. पण हिशेब सरळ नव्हता, कारण नाणे वेगळे. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार. हालीचे सात रुपये म्हणजे कलदाराचे साधारण सहा. लातुरात पस्तीस रुपये मिळविणाऱ्याला सोलापुरात तीस मिळाले, तर तो आहे तेथेच आहे. बत्तीस मिळाले तर दोनाचा लाभ, पण घरभाडे त्यात गेले. शिवाय इकडचे घर, शेताचा तुकडा, म्हातारे आईबाप आणि मुलकीपणाचा हक्क. अशा बेरजा-वजाबाक्या किती घरांत दिव्याच्या उजेडात झाल्या असतील, त्यांची नोंद कोण ठेवणार?

लातूर तर मोंढ्याचे गाव. तेथील अडत दुकानांवरचा मुनीम हा चाकरीचा अगदी निराळा नमुना होय. त्याला पेन्शन नाही, मुलकीचा दाखला नाही, नेमणुकीचा कागदही बहुधा नाही. पण पेढीचे सारे मर्म त्याच्या डोक्यात असते. कोणत्या गावचा कोणता कुणबी शब्दाला पक्का, कोणाची उधारी बुडीत, कोणाला किती ताणता येईल, हे तो जाणतो. म्हणून मुनीम पेढी सोडतो म्हटल्यावर घाबरावे लागते ते शेटजींना. आणि मुनिमालाही जपूनच वागावे लागते. कारण एका पेढीचे गुपित घेऊन आलेल्याला दुसरी पेढी कामावर घेईल, पण तिजोरीच्या किल्ल्या लवकर देणार नाही.

नांदेडला तिसराच प्रकार दिसतो. तेथे उस्मानशाही मिल १९२० च्या दशकात उभी राहिली आणि नांदेड हे गिरणगाव झाले. भोंग्यावर जगणारी वस्ती वाढली. ही गिरणी पुढे आजारी पडली, १९७४ च्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याने सरकारी महामंडळाकडे गेली, आणि अखेरीस तिचा भोंगा कायमचा थांबला. जे कामगार निष्ठेने एकाच धन्याकडे राहिले, त्यांना धनीच सोडून गेला. राहणाऱ्याचे धोरण सुरक्षित आणि जाणाऱ्याचे धाडसाचे, असे आपण सहज म्हणून जातो. गिरणीच्या वस्तीत हे विधान करून पाहावे.

सोडून जाणाऱ्यांत ज्यांचे नाव या भागात सर्वतोमुखी आहे, ते स्वामी रामानंद तीर्थ. त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. १९०३ साली सिंदगी येथे जन्म, शिक्षण सोलापुरास आणि नंतर टिळक महाराष्ट्र विद्यापीठात. त्यानंतर ते कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काम करू लागले. देशाच्या कामगार चळवळीच्या मध्यभागी, मोठ्या माणसाच्या सहवासात असलेली ही जागा होती. त्या वाटेने ते गेले असते तर कोठे पोहोचले असते, हा तर्क करण्यात अर्थ नाही. प्रकृतीने दगा दिला, ते काम सुटले, आणि १९२९ च्या सुमारास ते उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक म्हणून आले.

दिल्ली-मुंबईचा वारा लागलेला एम. ए. झालेला तरुण हिप्परग्याला आला, ही गोष्ट त्या काळच्या दृष्टीने नीट समजून घेतली पाहिजे. खाजगी शाळेला सरकारची मान्यता मिळणे कठीण, आणि सभासंमेलनांवर गश्ती निशाण ५३ ची टांगती तलवार. शिक्षकाला पेन्शन तर नाहीच, पगाराचीही शाश्वती नाही. सरकारी शाळेतील मास्तराशी तुलना केली तर हा सौदा आतबट्ट्याचाच. स्वामींनी १९३२ साली तेथेच संन्यास घेतला, म्हणून आपण पुष्कळदा असे समजतो की त्यांना संसार नव्हता, तेव्हा त्यांना हे सोपे गेले. मला हे पटत नाही. त्या शाळांत त्यांच्याबरोबर संसारी शिक्षकही होते, आणि त्यांच्या बायकांनी महिनाअखेरीचे डबे कसे भरले असतील याचा विचार आपण करीत नाही. शिवाय संन्याशालाही शाळेचा लळा लागतोच. १९३५ साली स्वामी अंबेजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात आले, ती शाळा त्यांनी वाढविली, आणि १९३८ साली स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहासाठी तीही सोडली. ऑक्टोबरात ते तुरुंगात होते. दहा वर्षांत तीन कामे सुटली. पहिले आजारामुळे, बाकीची स्वेच्छेने. आजच्या नोकरीच्या अर्जावर हा तपशील लिहिला तर मुलाखत घेणारा भुवई उंचावील. याच माणसाच्या पुढाकाराने १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, आणि १९९४ साली तेथे स्थापन झालेल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

१९३८ सालीच उस्मानियातील वंदे मातरम् प्रकरण घडले. गीत गाण्याचा आग्रह धरणारे विद्यार्थी विद्यापीठातून बाहेर काढले गेले आणि त्यांपैकी पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. निजामी नोकरीचा दरवाजा ज्यांच्यासाठी उघडावयाचा, त्यांनी तो उंबरठ्यावरूनच लावून घेतला. त्यांच्या घरी काय बोलणे झाले असेल? मुलाने उर्दू शिकावी म्हणून ज्या बापाने पोटाला चिमटा घेतला, त्याची बाजू इतिहासाच्या पुस्तकांत येत नाही. पण तीही बाजूच होती.

पुढे १९४७-४८ मध्ये हा प्रश्न एकट्यादुकट्याचा राहिला नाही. रझाकारांच्या अत्याचारांच्या निषेधार्थ वकिलांनी न्यायालयांवर बहिष्कार घातला. त्यात पुढे होते विनायकराव विद्यालंकार. त्यांचे वडील केशवराव कोरटकर वसमत तालुक्यातले. वकिली करता करता ते हैदराबादच्या उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदापर्यंत चढले होते. ज्या न्यायालयात बाप न्यायासनावर बसला, तेथे पाऊल टाकावयाचे नाही असे मुलाने ठरविले. खेड्यांतही पाटील-पटवाऱ्यांनी राजीनामे देण्याचा कार्यक्रम झाला. पटवाऱ्याच्या राजीनाम्याला वकिलाच्या बहिष्कारापेक्षा अधिक जोखीम होती, असे माझे मत आहे. वकिलाची सनद त्याच्याबरोबर असते. पटवाऱ्याचे दप्तर गावात असते, आणि गावात रझाकारही येतो.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि राज्य बदलले. येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, मग ती कानाला गोड लागो वा न लागो. कारवाईनंतरच्या हिंसेची चौकशी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने ज्या चार जिल्ह्यांत सर्वांत अधिक हानी झाल्याचे नोंदले, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. आजच्या लातूर जिल्ह्याचा काही भाग तेव्हा उस्मानाबादेत आणि काही बिदर जिल्ह्यात होता. तो वेगळा झाला १९८२ साली. मुसलमान कारकून, पेशकार, शिपाई यांतील किती जण जिवाला मुकले, किती जण नोकरीतून काढले गेले, किती जण कराचीला गेले. नोकरी धरावी की सोडावी, हा विचार करण्यास त्यांना अवसरच मिळाला नाही. पिढ्यान्पिढ्या एकाच सरकारची चाकरी करणे हा ज्यांनी घराण्याचा मान मानला, त्यांना तोच मान त्या वर्षी अंगावर आला.

रिकाम्या झालेल्या खुर्च्यांवर मद्रास, मुंबई, मध्य प्रांत येथून माणसे आणली गेली, आणि १९५२ साली मुलकीचा जुना वाद हैदराबाद शहरात पुन्हा भडकला. हाच शब्द १९६९ च्या तेलंगण आंदोलनात परत ऐकू आला. मराठवाडा तोवर त्या भांडणातून बाहेर पडला होता. पण दुसऱ्या भांडणात सापडला होता, ते असे.

१ नोव्हेंबर १९५६. राज्यपुनर्रचनेच्या कायद्याने हैदराबाद संस्थानचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात आला. रेघ मात्र जिल्ह्यांच्या सीमेवरून सरळ गेली नाही. बिदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके इकडे आले. नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा, कुबेर ही मंडळे आणि देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल आंध्र प्रदेशात गेली; किनवट आणि राजुरा आदिलाबादेतून आपल्याकडे आले. म्हणजे उदगीरचा कारकून ३१ ऑक्टोबरला ज्या टेबलावरून उठला, त्याच टेबलावर १ नोव्हेंबरला येऊन बसला, आणि तेवढ्यात त्याचे जिल्हा ठिकाण, राजधानी, उच्च न्यायालय, सेवानियम आणि वरिष्ठ सारे बदलले. त्याने अर्ज केला नव्हता, राजीनामा दिला नव्हता. उलट हैदराबादच्या सचिवालयातील मराठी कारकुनाला मुंबई राज्याकडे यावयाचे, तर टेबल सोडावे लागणार होते. बिऱ्हाड हैदराबादेत, मुलांच्या शाळा हैदराबादेत, आणि नोकरी ज्या राज्याची त्याची राजधानी समुद्राकाठी.

१९४० साली लातूर तहसिलीत उमेदवार म्हणून लागलेला आणि १९७० च्या आसपास निवृत्त झालेला एक माणूस कल्पून पाहा. तो एका नोकरीत जन्मभर राहिला, असेच त्याचे नातेवाईक सांगतील. पण त्याचे धनी मोजले तर निजाम सरकार, मग जनरल चौधरींचे लष्करी सरकार, मग हैदराबाद राज्य, त्यानंतर द्विभाषिक मुंबई, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र, असे पाच होतात. फसली सन जाऊन इसवी सन आला, हाली जाऊन रुपया आला, आणि टिप्पणी उर्दूची इंग्रजी, इंग्रजीची मराठी झाली. पटवाऱ्याला तलाठी म्हणू लागले, गिरदावराचा सर्कल झाला. एका शब्दात मात्र जुन्या मुलखाची सरशी झाली म्हणावयास हवे. पश्चिम महाराष्ट्राचा मामलेदार सरकारी कागदावरून मागे पडला, आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेत आपला तहसीलदार बसला.

नाव राहिले, पण ज्येष्ठता? येथेच त्या पिढीचे खरे दुखणे होते. हैदराबादचा तहसीलदार आणि मुंबईचा मामलेदार यांच्या जागा एका यादीत कशा लावावयाच्या, यावरून वर्षानुवर्षे अर्जविनंत्या चालल्या. कायद्याच्या ११५ व्या कलमात असे अभिवचन होते की, केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून सेवेच्या अटी कर्मचाऱ्याच्या तोट्याच्या होतील अशा बदलावयाच्या नाहीत. १९५३ च्या नागपूर करारातही मराठवाड्याला लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्यांचा वाटा कबूल केलेला होता. पूर्वीच्या हैदराबाद राज्यातून आलेल्या तहसीलदारांचे गाऱ्हाणे अखेर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७३ च्या त्या निकालात अनेक मुद्दे आहेत. पण त्यांतला एक मुद्दा सेवाकायद्याचे अभ्यासक आजही सांगतात. तो असा की, बढतीची नुसती शक्यता ही सेवेची अट ठरत नाही. ती कमी झाली म्हणून अट मोडली असे होत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण माणूस नोकरीत राहतो तो कशाच्या जोरावर? बहुतेक वेळा त्या शक्यतेच्याच.

राहण्यानेच थोर झालेली माणसेही या भूमीत झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. नरहर कुरुंदकर नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक होते, पुढे पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य झाले, आणि १९८२ साली निधन होईपर्यंत नांदेडचेच राहिले. महाराष्ट्रभर व्याख्याने देणारा हा माणूस बिऱ्हाड हलविता तर त्याला पुण्या-मुंबईत जागा मिळाली नसती, असे कोण म्हणेल? पण त्यांच्या राहण्यात उचल नव्हती, बाकी नव्हती. कुरुंदकरांचे राहणे आणि सालगड्याचे राहणे यांना एकच क्रियापद लागते, ही भाषेची गैरसोय आहे.

आजच्या काळाविषयी थोडेच सांगतो. २००१ पासून महाराष्ट्रात शाळांना कायम विनाअनुदान तत्त्वावर परवानगी मिळू लागली. २००९ साली त्यातला ‘कायम’ हा शब्द गेला, आणि आशा उत्पन्न झाली. नांदेड-लातूरच्या खेड्यांतून अशा शाळांवरचे शिक्षक अनुदान येईल म्हणून नाममात्र मानधनावर वर्षेच्या वर्षे थांबले. सोडून जावे तर इतकी वर्षे वाया, आणि अनुदान आले त्या दिवशी यादीत नाव नाही. थांबावे तर घर चालत नाही. येथे उचल शिक्षकाने घेतलेली नाही, उलट आपली वर्षे त्यानेच आगाऊ दिलेली आहेत. पण त्या बाकीपायी हलता येत नाही ते त्यालाच. ऊसतोडीला जाणारा मजूर मात्र मुकादमाकडून आजही उचलच घेतो.

सरकारी नोकरीलाही धरून ठेवणारी जी जुनी गाठ होती, ती राज्य सरकारने सैल केली आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा नंतर रुजू होणाऱ्यांसाठी जुनी पेन्शन बंद करण्यात आली. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये मोठा संप झाला. मराठवाड्याला या तारखेचे वावडेच असावे. धनी बदलला तोही १ नोव्हेंबरलाच.

शेवटी एक विनंती. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबा निजामाच्या काळी नोकरीत होते, त्यांच्या ट्रंकेत एखादे सेवापुस्तक वा नेमणुकीचा कागद असण्याचा संभव आहे. पहिली पाने उर्दूत, मधली इंग्रजीत, शेवटची मराठीत, आणि पगाराच्या रकान्यात आधी हाली, मग कलदार. लिपी वाचता येत नाही म्हणून असे कागद रद्दीत जातात. गावात उर्दू वाचणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे ते घेऊन जावे, वाचून घ्यावे आणि एक नक्कल येथल्या ग्रंथालयात द्यावी. सालगड्यांच्या वह्या कोणाच्या माडीवर असतील, तर त्या तर अगत्याने.